गिअरबॉक्स बदलायचा की खोलायचा?

गेल्या भाद्रपदात पश्चिम जुन्नरमधल्या एका डोंगरगावी टोमॅटोवरचा करपा पाहायला गेलो होतो. प्लॉट पाहून झाला, फवारणीचे सांगून झाले आणि परतताना त्या घरच्याच पिकअपमधून फाट्यापर्यंत निघालो. मागे नारायणगावच्या बाजाराला जाणारे चाळीस क्रेट, क्रेटांच्या कडेला अंग चोरून बसलेल्या शेजारच्या दोन बायका, आणि पुढे घरचा धाकटा मुलगा गाडी चालवीत होता. गाडी म्हणजे जीपच्या सांगाड्यावरची महिंद्राची जुनी फोर-व्हील पिकअप. आत बसताच एक गोष्ट डोळ्यांत भरली. गिअरच्या दांड्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी अडकवलेली होती आणि तिचे दुसरे टोक सीटखालच्या पत्र्याला बांधलेले होते.

“हे काय रे?” मी विचारले.

“उताराला दुसरा गिअर सुटतो, साहेब. पट्टी लावली की धरून राहतो.”

क्रेटला वीस किलो धरले तरी आठशे किलो माल झाला. वर माणसे. खाली ओला, वळणाचा उतार. अशा ठिकाणी गिअर सुटला की इंजिनाची ओढ एका क्षणात जाते आणि सारा भार ब्रेकवर येतो. जुन्या गाडीचे ब्रेक सतत दाबून तापले की धरेनासे होतात. फाटा येईपर्यंत मी काही बोललो नाही. मात्र उतरल्यावर त्या दोन बायकांनाही खाली उतरवले आणि एस.टी.ने जायला सांगितले. पोराला ते आवडले नाही.

पुढच्या रविवारी मुद्दाम त्यांच्या घरी गेलो. ओसरीवर हाच विषय निघाला. तात्यांचे म्हणणे, गाडी विकू नका, पावसाळ्यात वरच्या वावरातून माल काढणारी तीच एक. थोरल्याचे म्हणणे, तालुक्याच्या मिस्त्रीने पाच गिअरचा जुना गिअरबॉक्स बसवून देतो म्हटले आहे, तो घ्यावा, डिझेलही वाचेल. धाकट्याला तर पाच गिअरच हवे होते. चहाचे कप ठेवता ठेवता थोरल्या सूनबाई म्हणाल्या, “साहेब, गिअरबॉक्सच खराब आहे हे कुणी उघडून बघितलंय का?”

कुणीच बघितले नव्हते. सारा लेख मला या प्रश्नावरून सुचला.

मी काही मोटारीचा कारागीर नव्हे. कृषी पदवीला शेतीची अवजारे व यंत्रशक्ती हा विषय होता तेवढाच. पण नोकरीच्या पहिल्या वर्षांत खात्याच्या जुन्या जीपवर जे चालकमामा होते, त्यांनी मला गाडीखाली झोपवून जे शिकवले ते पुस्तकात नव्हते.

दुखणे कुठले?

इंजिनाची ताकद चाकापर्यंत कशी जाते हे आधी डोळ्यांपुढे आणावे. इंजिनाच्या मागे क्लच, त्यामागे गिअरबॉक्स, त्याला चिकटून ट्रान्सफरचा डबा, आणि तिथून एक प्रोपेलर शाफ्ट मागच्या हाउसिंगला व दुसरा पुढच्या हाउसिंगला. दोन चाकांच्या ओढीच्या गाडीत ट्रान्सफर नसतो. आपल्या गाडीत तो असतो, म्हणूनच घोटाळा होतो. आवाज आला की सगळे गिअरबॉक्सला दोष देतात आणि दुखणे दुसरीकडेच निघते.

पहिली परीक्षा क्लचची. इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून पाहावेत. बंद गाडीत अलगद पडतात आणि इंजिन सुरू केल्यावर उभ्या गाडीत रिव्हर्स टाकताना करकरते, तर क्लच पूर्ण सुटत नाही असे समजावे. आधी पेडलचा मोकळा खेळ पाहावा. जुन्या जीपला तो साधारण इंचभर लागतो. आपल्या गाडीच्या पुस्तकात जो आकडा असेल तो धरावा. उलट चढाला इंजिन ओरडते पण गाडी उचलत नाही, तर क्लचप्लेट घसरते आहे. या दोन्ही दुखण्यांसाठी गिअरबॉक्स बदलून आणलेले लोक मी पाहिले आहेत. बदलल्यावर गाडी ठीकही झाली, कारण गिअरबॉक्स उतरवलाच आहे म्हणून मिस्त्रीने क्लचप्लेटही नवी टाकलेली असते!

दुसरी परीक्षा कानाची. गाडी न्यूट्रलमध्ये उभी ठेवून इंजिन चालू करावे. क्लच दाबलेला नसताना घरघर येते आणि पेडल दाबताच बंद होते, तर गिअरबॉक्सच्या आतले बेअरिंग गेलेले असण्याचा संभव अधिक. पेडल दाबल्यावर आवाज सुरू होत असेल तर क्लचचे रिलीज बेअरिंग पाहावे. चालत्या गाडीत आणखी एक खूण आहे. चार गिअरच्या डब्यात चौथ्या गिअरला ताकद आतल्या दात्यांवरून न जाता सरळ जाते. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्याला ओरडणारी गाडी चौथ्याला शांत झाली तर दोष गिअरबॉक्सच्या दात्यांत. चौथ्यालाही ओरडत राहिली तर ट्रान्सफर आणि हाउसिंगकडे वळावे. जुन्या जीपचा ट्रान्सफर मुळातच थोडा गुणगुणतो, कारण त्यात ताकद नेहमी दात्यांवरूनच जाते. ते गुणगुणणे म्हणजे रोग नव्हे. मात्र त्यातल्या मधल्या गिअरचा शाफ्ट झिजतो, मग आवाज वाढतो आणि तिथून तेलही गळू लागते.

एकच गिअर टाकताना करकरतो, बाकीचे नीट पडतात, तर त्या गिअरची पितळी सिंक्रो रिंग झिजली असे बहुधा निघते.

आता सुटणाऱ्या गिअरचे. याची कारणे चार-पाच आहेत आणि त्यांतली दोन गाडीच्या बाहेरच सापडतात. गिअरबॉक्स आणि क्लचचे घर यांमधले बोल्ट ढिले झाले की डबा किंचित तिरका होतो आणि गिअर बाहेर ढकलला जातो. इंजिनाची व गिअरबॉक्सची खालची रबरे बसली की तसेच होते. आतली कारणे म्हणजे दांडा जागेवर धरणारी गोळी व तिची स्प्रिंग, झिजलेला फोर्क, गिअरच्या कडेचे गोलावलेले बारीक दाते आणि ढिले बेअरिंग. ट्यूबची पट्टी यांतले काहीही बरे करीत नाही. उलट फोर्क सतत ताणावर राहून फिरत्या कडीवर घासतो आणि आज स्प्रिंगवर भागले असते तिथे उद्या फोर्क लागतो.

मी स्वतः केलेला एक मूर्खपणाही सांगतो. नोकरीला लागल्यावर पहिल्याच पावसाळ्यात मी खात्याची जीप चिखलातून काढली आणि ऐटीत पुढची चाके जोडलेलीच ठेवून डांबरी रस्त्याने दहा-बारा किलोमीटर आलो. थांबल्यावर ट्रान्सफरचा दांडा हलेना. मला वाटले, डबा फुटला. चालकमामांनी काही न बोलता गाडी सात-आठ फूट मागे घेतली आणि दांडा सुटला. या गाड्यांत पुढच्या-मागच्या चाकांमध्ये मधला डिफरन्शियल नसतो. वळणावर पुढची चाके जास्त अंतर कापतात. चिखलात ती घसरून हिशेब पुरा करतात, डांबरावर तसे होत नाही आणि सारा पीळ ट्रान्सफरमध्ये साठतो. म्हणून फोर-व्हील चिखलात, वाळूत, वावरात. डांबरावर कधीच नाही. पुढे नवे टायर आणि मागे झिजलेले टायर ठेवले तरी असाच पीळ बसतो.

आम्हाला काय सापडले

गाडी शेजारच्या गावच्या एका वृद्ध मिस्त्रींकडे नेली. क्लच ठीक होता. क्लचघराच्या चारपैकी दोन बोल्टांना पाना लावताच ते फिरले. तेलाची पातळी भोकाच्या बरीच खाली होती. खालचा बूच काढून तेल परातीत घेतले. बुचावर करडे मलमासारखे साचले होते. तेवढे प्रत्येक जुन्या गाडीत सापडते. पण तेलात पितळेची बारीक चमक होती. वरचे झाकण उघडले तर गोळीची स्प्रिंग तुटलेली, फोर्क एका बाजूने खाल्लेला, दुसऱ्या गिअरच्या कडेचे दाते गोल झालेले आणि मागच्या बेअरिंगला हाताने कळेल इतका खेळ. बाकीचे दाते मात्र स्वच्छ होते. सूनबाईंनी वहीत तिथल्या तिथे यादी केली: दुसरा गिअर रिंगसह, फोर्क, स्प्रिंग, बेअरिंगे, सील, पॅकिंग, तेल आणि मजुरी. बेरीज बदलीच्या आकड्याच्या निम्म्याहून कमी आली.

याचा अर्थ दुरुस्तीच नेहमी बरी असा नव्हे. त्याच आठवड्यात त्याच मिस्त्रींकडे दुसरी एक गाडी होती. तिच्यात खालच्या शाफ्टची भोके झिजून लांबट झाली होती आणि डब्याला चीर होती. अशा डब्यात नवे गिअर टाकणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी ओतणे. तिथे दुसरा गिअरबॉक्स हाच उपाय होता आणि त्या मालकाने तोच केला.

बदलायचाच तर कोणता?

पाच गिअरचा मोह पुष्कळांना होतो, म्हणून येथे थोडे गणित करू. महिंद्राने १९४७ मध्ये विलीज जीपची जुळणी सुरू केली. त्या घराण्याच्या जुन्या जीपला टी-९० नावाचा तीन गिअरचा डबा असे. त्याच्या पहिल्या गिअरचे प्रमाण २.८ च्या आसपास, ट्रान्सफरच्या लो गिअरचे २.४६ आणि हाउसिंगचे ५.३८. हे शेवटचे म्हणजे पिनियनला ८ दाते आणि क्राउनला ४३. यांचा गुणाकार करा. पहिल्या गिअरला हायमध्ये इंजिनाचे सुमारे १५ फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो. लो लावला की ३७ फेऱ्यांना एक. म्हणजे गाडी अडीचपट हळू आणि चाकाला ओढ तेवढीच अधिक. वावरातून भरलेली गाडी बाहेर येते ती याच गणितावर.

पुढे केएमटी-९० हा चार गिअरचा डबा आला. त्याचा पहिला गिअर टी-९० पेक्षा बराच ताकदीचा, साधारण चारच्या जवळ. डोंगरगावच्या मालवाहू गाडीला माझ्या मते तो पुरेसा आहे आणि त्याचे सुटे भाग आजही मिळतात. पाच गिअरच्या डब्याचा खरा फायदा पाचव्या गिअरला. त्याचे प्रमाण एकापेक्षा कमी असल्याने सपाट मोठ्या रस्त्यावर इंजिन सावकाश फिरते आणि डिझेल वाचते. ज्याला रोज हायवेने पुण्याला जायचे आहे त्याने जरूर विचार करावा. आपल्या या कुटुंबाची गाडी वावर ते फाटा आणि फाटा ते नारायणगाव एवढेच जाते. पाचवा गिअर पडणार कुठे आणि किती वेळ?

दुसरी अडचण जोडणीची, आणि ती पैशाहून मोठी आहे. मिस्त्रीने दाखवलेला पाच गिअरचा डबा दोन चाकांच्या ओढीच्या गाडीचा होता. त्याच्या मागे लांब शेपटी असते. ट्रान्सफर बसवायला जागाच नसते. जुन्या जीपमध्ये ट्रान्सफर गिअरबॉक्सच्या पाठीला थेट बोल्टाने बसतो आणि गिअरबॉक्सच्या मुख्य शाफ्टवरचा गिअर त्याला फिरवतो. तो शाफ्ट तसाच हवा. “फोर-व्हील काढून टाकू, लागतंय कशाला?” असे म्हणणारा भेटला तर त्याला आषाढात तुमच्या वरच्या वावरात घेऊन जावे.

फोर-व्हीलचाच दुसऱ्या जातीचा डबा मिळाला तरी पाहायचे पुष्कळ असते. क्लचघराचे बोल्ट जुळतात का, पुढच्या शाफ्टची लांबी आणि खाचा क्लचप्लेटला बसतात का, फ्लायव्हीलमधली बुशी तीच चालते का, आणि डब्याची लांबी बदलल्याने दोन्ही प्रोपेलर शाफ्ट कापावे वा वाढवावे लागतील का. शाफ्टचा तिरकेपणा वाढला की क्रॉस लवकर जातात. यासाठी माझा सल्ला सरळ आहे: त्याच जातीचा डबा घ्या, नाहीतर ट्रान्सफरसह अख्खी जोडी एकाच गाडीची घ्या. आणि डिझेलसाठी कुणी मागच्या हाउसिंगचा क्राउन-पिनियन बदला म्हणेल तर पुढचाही त्याच प्रमाणाचा बदलावा लागतो, हे पक्के ध्यानात ठेवा. पुढे ५.३८ आणि मागे दुसरे काही असले तर फोर-व्हील लावताच काहीतरी मोडणार.

कुर्ल्याला किंवा जवळच्या जुन्या स्पेअरच्या बाजारात डबा घ्यायला गेलात तर खडू, बॅटरी आणि थोडे रॉकेल किंवा डिझेल सोबत न्या. डबा जमिनीवर ठेवून एकेक गिअर टाका. पुढच्या आणि मागच्या शाफ्टवर खडूची खूण करा आणि मागचा एक फेरा होईपर्यंत पुढचे फेरे मोजा. पहिल्या गिअरला पावणेतीनच्या आसपास आले तर डबा तीन गिअरचा जुना. चारच्या जवळ आले तर दुसरा. विकणारा काय सांगतो याला मग महत्त्व राहत नाही. न्यूट्रलमध्ये शाफ्ट हाताने फिरवून अडखळ बघा. पुढचा शाफ्ट वरखाली हलवून खेळ बघा. वरचे झाकण उघडू देत नसेल तर दुसऱ्या दुकानात जा. चिरेची शंका असेल तिथे रॉकेल लावून थोडा वेळ मुरू द्या, पुसून कोरडे करा आणि खडूची पूड चोळा. चीर असेल तर ओली रेघ उमटते. आणि हे सारे करताना पावती मागायला लाजू नका.

खोलताना

ज्यांच्या घरी पोरे हातची आहेत आणि जे मिस्त्रींबरोबर स्वतः काम करणार आहेत, त्यांच्यासाठी हे जरा सविस्तर लिहितो.

जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांना नसतो. तो ट्रान्सफरच्या मागे, प्रोपेलर शाफ्टवर धरतो. प्रोपेलर शाफ्ट खोलला की हँडब्रेक ओढलेला असो वा गाडी गिअरमध्ये असो, गाडी मोकळी. म्हणून शाफ्टला हात लावण्याआधी चारही चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी पाचर लावा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही जायचे नाही. ओंडके आडवे-उभे रचून गाडी त्यावर टेकवा. बॅटरीची तार काढा.

डबा आणि ट्रान्सफर मिळून वजन पुष्कळ असते, तेव्हा एकट्याने उतरवू नका. बोल्ट निघाले तरी पुढचा शाफ्ट क्लचप्लेटमध्ये अडकून असतो. डबा त्या शाफ्टवर लोंबकळू दिला तर प्लेटचे मधले भोक वाकते. बसवताना जुना पुढचा शाफ्ट घालून प्लेट मध्यावर आणावी, मगच प्रेशर प्लेटचे बोल्ट आवळावेत. एवढे केले की डबा धक्के न मारता आत सरकतो.

एकेक भाग काढला की ज्या क्रमाने निघाला त्याच क्रमाने स्वच्छ कापडावर मांडा. धाकट्याने मोबाइलवर प्रत्येक पायरीचा फोटो काढला होता. मिस्त्रींना आधी हसू आले, मग जोडताना त्यांनीच दोनदा मोबाइल मागितला. खालच्या गिअरच्या आत सुईसारखी बारीक बेअरिंगे असतात. ती मोजून ठेवा आणि बसवताना ग्रीसमध्ये चिकटवा. एक सुई कमी पडली तर सारा खर्च पाण्यात. बेअरिंग छिन्नीने ठोकून काढू नये, प्रेसवर किंवा पुलरने काढावे. डबा उघडलाच आहे तर बेअरिंगे, सील आणि वॉशर सगळेच नवे टाका. एवढ्याशा सीलची काटकसर करून पुन्हा डबा उतरवण्याची मजुरी भरणारे आपल्याकडे कमी नाहीत. जोडल्यावर गाडीत चढवण्यापूर्वी डबा बाकावर ठेवून हाताने सगळे गिअर टाकून बघा.

तेलाबद्दल दोन शब्द. दुकानात “नव्वद नंबर द्या” म्हटले की काहीही मिळते. नव्वद हा फक्त दाटपणा. डब्यावर जीएल-४ की जीएल-५ लिहिले आहे हे वाचा. पितळी रिंग असलेल्या गिअरबॉक्सला सहसा जीएल-४, आणि हाउसिंगच्या क्राउन-पिनियनला जीएल-५. गाडीच्या पुस्तकात वेगळे लिहिले असेल तर पुस्तक प्रमाण. गाडी सपाट जागी उभी करून बाजूच्या भोकाच्या काठापर्यंत तेल भरा, त्याहून अधिक नको. जास्तीचे तेल क्लचप्लेटवर येऊ शकते. गिअरबॉक्स व ट्रान्सफर यांच्यामधले सील गेले की एका डब्यातले तेल दुसऱ्यात उतरते. म्हणून पातळी दोन्हींची बघावी. एक रिकामा आणि दुसरा तुडुंब सापडला तर चोर मध्येच आहे.

त्या घरची गाडी आठ दिवस मिस्त्रींकडे होती. तेवढे दिवस माल शेजाऱ्याच्या गाडीतून गेला आणि भाड्यावरून ओसरीवर थोडी कुरबूर झाली, तीही वहीत नोंदलेली आहे. गाडी आल्यावर पहिले काही दिवस निम्मा माल घालून चालवली, मग तेल काढून नवे भरले. काढलेले तेल सूनबाईंनी काचेच्या बरणीत ठेवले होते. मला उजेडात धरून दाखवले, चमक नव्हती.

परवा त्याच उतारावरून पुन्हा आलो. दुसरा गिअर फाट्यापर्यंत हलला नाही. ट्रान्सफरच्या मधल्या शाफ्टपाशी मात्र अजून थेंब पडतो. ते काम टोमॅटो संपल्यावर काढायचे ठरले आहे आणि तोपर्यंत दर सोमवारी तेल बघण्याचे काम धाकट्याकडे आहे. ट्यूबची पट्टी गाडीत दिसली नाही. मागे क्रेटांवर माणसेही नव्हती.